धवलारणीच्या मागची जागा

थकून गेले होते आणि थकूनच परत आले, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे वसई-विरारचं नाव वाचून कोणी पुढे किल्ला, किनारा आणि हवापालट शोधत बसणार नाही. किल्ला मी पाहिला नाही. समुद्राचा आवाज दोनदा आला, पण मधे केळीच्या वाड्या होत्या. तीन दिवसांत मी पाहिलं ते एक पडवी, एक मांडव आणि नालासोपारा पूर्वेला, तुळिंजमध्ये, माझ्या आतेबहिणीचा सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट.

जायचं कारण कामाचं होतं. पुण्यात आमच्याकडे एक नवं केंद्र निघायचं घाटत आहे. संगीताचा अभ्यास आता फक्त संगीतवाल्यांनी करायचा नाही, सगळ्या विद्याशाखांनी एकत्र बसून करायचा, अशी त्यामागची कल्पना. संगीताच्या मॅडम, भाषाशास्त्राचे सर, मेंदूचे डॉक्टर आणि संगणकाकडचा अद्वैत अशा चौघांनी ‘वीस वर्षांनंतरचा संगीताचा अभ्यास’ या विषयावर दोन-दोन पानं लिहायची होती. मी प्रकल्प साहाय्यक. चौघांची पानं जोडायची आणि शेवटी ‘प्रत्यक्ष क्षेत्रातून’ या मथळ्याखाली दोन पानं आपली घालायची, एवढं माझं काम. सहा महिने मी ‘भविष्य’ हा शब्द इतक्या वेळा टाइप केला होता की तो दिसला तरी जांभई यायची. चौघांची पानं आली होती. माझी कोरी होती. बैठक बुधवारी होती.

बैठकीत दहा मिनिटांचं एक ध्वनिमुद्रण वाजवायचं होतं. ते मागच्या हिवाळ्यात मीच केलेलं. आगाशीच्या पुढे, खाडीच्या अंगाला एक वस्ती आहे. तिचं नाव लिहू नको असं तिथल्या लोकांनी सांगितलं, म्हणून लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. तिथल्या शेतकरी घरांत लग्नाला भटजी येतो, पण त्याच्या आधी धवलारीण लागते. ही गाणारी बाई. हळद दळण्यापासून मांडवाचा खांब रोवेपर्यंत एकेक विधी तिच्या गाण्याने लागतो, आणि त्या गाण्यांना धवले म्हणतात. मंजुळाबाई तिथल्या धवलारीण. त्यांच्या एका चुलत नातीच्या लग्नातले धवले मी मुद्रित केले होते. आता ते सगळ्यांसमोर वाजवायचे तर त्यांची संमती हवी, संमतीच्या फॉर्मवर सही हवी. ती आणायला मी निघाले.

शुक्रवार, तुळिंज

तेजूताई अंधेरीला विमा कंपनीत आहे. सकाळी साडेसातला निघते, रात्री साडेआठला येते, आणि आल्यावर अर्धा तास कोणाशी बोलत नाही. मला हे फार सोयीचं वाटतं. आम्ही दोघी अर्धा तास गॅलरीत बसून खालचा बाजार बघत होतो. मग ती म्हणाली,

"ए, तू म्युझिकमध्ये रिसर्च करतेस म्हणजे गातेस का?"

"नाही."

"मग वाजवतेस?"

"नाही. फॉर्मवर सह्या घेते."

"म्हणजे माझंच काम," ती म्हणाली आणि भुजिंगचं पार्सल उघडलं. भुजिंग म्हणजे कोळशावर भाजलेली कोंबडी, आणि तिच्यात चक्क पोहे. ही आगाशीची खासियत. आमच्याकडे पोह्यांवर शेव घालावी की नाही यावरून घरात दोन तट पडतात; इथे कोंबडीचा सगळा मसाला पोह्यांनी पिऊन टाकला होता आणि कोणाची काही तक्रार नव्हती. मी दोनदा घेतलं. तेजूताई बघत होती. "पुण्याला सांगू नकोस," ती म्हणाली.

झोपण्याआधी मी ते मुद्रण एकदा ऐकून घेतलं. फार स्वच्छ झालं होतं. मूळ मुद्रणात जात्याची घरघर होती, बांगड्या होत्या, मुलं होती, आणि मंजुळाबाईंच्या मागे चिकटून बसलेल्या एका बाईंची सततची कुजबुज होती. त्या दिवशी मी त्यांना हाताने खूण करून थोडं लांब सरकायला सांगितलं होतं. त्यांनी माझ्या आरपार पाहिलं होतं. पुण्याला आल्यावर मी अद्वैतला लिहिलं, "मागे कोणीतरी सतत बोलतंय, काढता आलं तर बरं." त्याने काढलं. आता फक्त मंजुळाबाईंचा आवाज होता, आणि प्रत्येक ओळीनंतर एक थांबा. त्या थांब्यांवर मॅडमनी आपल्या दोन पानांतलं अर्धं पान लिहिलं होतं. ‘अर्थगर्भ मौन’ असा त्यांचा शब्द. डॉक्टरांनी त्याच थांब्यांवरून श्वासाच्या लांबीचा आलेख काढला होता.

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. घरात मराठी बोलतो, पण चारचौघांत मराठी बोलायचं तर मी वाक्य आधी मनात पूर्ण करून घेते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. इंग्रजीतही तसंच होतं, तेव्हा दोष माध्यमाचा नसावा. बैठकांत मी बहुतेक वेळा गप्प असते. त्यामुळे थांब्यांबद्दल माझंही काही मत असू शकेल, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

शनिवार सकाळ, नंदाखाल (चुकून)

विरारहून आगाशीची बस पकडली आणि डोळा लागला. उघडला तेव्हा दोन्हीकडे केळी आणि नारळ होते आणि कंडक्टर म्हणत होता, "आगाशी मघाशीच गेली, मॅडम." हे नंदाखाल होतं. उतरले.

परतीच्या बसला वेळ होता. थांब्यावर एक बाई होत्या, फुलाफुलांच्या साडीतल्या, मांडीवर सुकेळ्यांची पुडी. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवून पानात बांधलेली केळी. चवीला गूळ आणि मध यांच्या मधलं काहीतरी. त्यांनी न विचारता एक हातावर ठेवलं. मी कशाला आले ते विचारलं. मी सांगितलं. संगीत म्हटल्यावर त्या खुलल्या. चर्चच्या गायनमंडळात त्या तीस वर्षं गात होत्या.

"आता कमी झालंय पण," त्या म्हणाल्या.

"मंडळात कोणी येत नाही का?"

"मंडळ फुल आहे. लोकं गात नाहीत. आधी मिस्साला शेवटच्या बाकापर्यंत आवाज. मग आम्हाला चांगला माईक आणला कोणीतरी. आता आम्ही इतकं चांगलं गातो की मागची सगळी गप्प बसून ऐकतात." त्यांनी पुडीला पुन्हा गाठ मारली. "माझ्या मिस्टरांचा आवाज बेसूर होता. पण तो कुठे बसलाय ते मला गाता गाता कळायचं."

बस आली. मी त्यांचं नाव विचारायचं वाक्य मनात जुळवत होते, तोवर त्या दुसऱ्या बाजूच्या बसमध्ये चढल्यासुद्धा.

शनिवार, पडवी

वस्तीवर पोचले तर अंगणात मांडवाचे बांबू आडवे पडले होते. मागच्या वर्षी जिचं लग्न झालं तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न आता होतं, आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, मांडव. पडवीत सहा-सात बायका मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. साल काढायचं, पांढरा दाणा परातीत टाकायचा. बिरडं मी आयुष्यभर खाल्लं आहे, पण ते इतक्या हातांतून येतं हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे ते सोललेलं पिशवीतून येतं.

"आली गो पुन्याची!" मंजुळाबाई म्हणाल्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू. "काय बारीक झालीस. खायाला देत नाय काय तुला त्या हापिसात?"

"देतात," मी म्हणाले. "चहा."

"बस. आधी पानी पी."

पडवीच्या कोपऱ्यात खाटेवर ती कुजबुजणारी बाई बसली होती. मी ओळखलं, पण काहीतरी वेगळं होतं. एका हाताने वाल सोलत होती. दुसरा मांडीवर तसाच पडला होता. मंजुळाबाईंची सून प्रणाली, विरारच्या एका शाळेत शिकवते, तिने मला हळूच सांगितलं. या चंद्राआत्या. मंजुळाबाईंच्या थोरल्या नणंद. तरुणपणीच माहेरी परत आलेल्या. दसऱ्याच्या आधी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. शब्द दोनच येतात, ‘नाय’ आणि ‘मेले’.

"दोनच हायेत, पन दोनी बराबर जागी मारते," मंजुळाबाई मोठ्याने म्हणाल्या. "होय ना वन्स?"

"मेले," चंद्राआत्या म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

फॉर्म काढण्याआधी मुद्रण ऐकवावं, अशी आमची पद्धत आहे. मी छोटा स्पीकर परातीशेजारी ठेवला. मंजुळाबाईंचा आवाज पडवीत आला तेव्हा त्यांनी पदर सारखा केला, जणू कोणी पाहुणी आली होती. शेजारची एक बाई म्हणाली, "भारी झालंय गो मंजुळे. एकदम रेडिओवानी."

"रेडिओवर लगीन लागतं काय?" मंजुळाबाई म्हणाल्या. पण खूश होत्या.

मग पूर्वजांना बोलवायचा धवला आला. घरातल्या गेलेल्या माणसांना ‘मांडवाला या’ म्हणून बोलवायचं असतं, ते हे गाणं. एक ओळ झाली, थांबा. दुसरी ओळ, थांबा. सोलणारे हात एकेक करून थांबले. मी वर पाहिलं. मंजुळाबाईंनी स्पीकरकडे बोट केलं.

"वन्स कुठं हाय?"

मी स्पीकरचा आवाज कमी केला.

"माझ्या मागं वन्स बसली होती. तिचा आवाज कुठं हाय? ही मी नुसती या-या करते. कोनाला?"

"तो..." मी म्हणाले, "संगणकाने साफ केलंय."

"साफ?"

प्रणालीला माझी दया आली असावी. तिने मला समजावलं, शाळेत समजावतात तसं. मंजुळाबाई या घरच्या सून. सून सासऱ्यांचं, थोरल्या दिरांचं, त्यांच्या वरच्या कोणाचंच नाव तोंडाने घेत नाही. पण मांडवाला तर प्रत्येकाला नावाने बोलवायचं असतं. ज्याचं नाव राहिलं तो वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, बाहेर उभा राहतो आणि लग्नात मन दुखवून जातो. मग काय करायचं? धवलारीण ओळ म्हणते आणि जागा सोडते. त्या जागेत घरची लेक, मागे बसून, हळूच नाव घेते. लेकीला नाव घ्यायला मनाई नाही.

"म्हणजे ते थांबे..." मी म्हणाले.

"थांबे कसले? तिथं मानसं हायेत," मंजुळाबाई म्हणाल्या.

मला मॅडमचं अर्धं पान आठवलं. डॉक्टरांचा आलेख आठवला. आणि अद्वैतला मी लिहिलेली ओळ आठवली. संगणकाने साफ केलं, असं मी म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

यानंतर पडवीत कोणीच माझ्याशी बोललं नाही. कोणी रागावलंही नव्हतं. सगळ्यांना एकदम दुसरीच चिंता लागली होती, आणि मला ती कळायला थोडा वेळ लागला. उद्याचा मांडव त्याच भावकीतला. बोलवायची माणसं तीच. आणि ती सगळी, क्रमाने, फक्त चंद्राआत्यांना येत होती. महिनाभर सगळ्यांनी हा विषय टाळला होता. माझ्या स्पीकरने तो परातीशेजारी आणून ठेवला.

"सातबाऱ्यावर बघू या," प्रणाली म्हणाली. "जुने फेरफार काढले तर पणजोबांच्या वरपर्यंत जाता येईल."

"सातबाऱ्यावर बायका हायेत काय? बाळंतपनात गेलेल्या हायेत? ती विहिरीत पडलेली पोर हाय?"

"मी घेते मग नावं, जेवढी माहीत आहेत तेवढी. मला सुनेबिनेचं काही वाटत नाही, आई."

"तुला नाय वाटत गो," मंजुळाबाई म्हणाल्या. "त्यांना वाटंल."

चंद्राआत्या खाटेवरून हे सगळं ऐकत होत्या. डाव्या हाताने खाटेची दोरी पिरगळत होत्या.

मला मेंदूच्या डॉक्टरांची दोन पानं पाठ होती. मीच टाइप केली होती. त्यांत लिहिलं होतं की बोलणं गेलेल्या काही रुग्णांना तेच शब्द गाण्यातून म्हणता येतात. मी वाक्य मनात पूर्ण केलं, दोनदा तपासलं आणि म्हणाले, "काकू, तुम्ही ती ओळ गाऊन बघा. त्यांना गाण्यातून येईल कदाचित."

मंजुळाबाईंनी खाटेजवळ बसून ओळ धरली. जागा सोडली. चंद्राआत्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मानेची शीर दिसायला लागली. "नाय," त्या म्हणाल्या. पुन्हा ओळ. पुन्हा जागा. "नाय." तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलंच नाही, भिंतीकडे वळवलं.

"ती कधी गायलीच नाय गो," मंजुळाबाई मला म्हणाल्या. आवाजात रागापेक्षा थकवा जास्त होता. "चाळीस वरसं गायली ती मी. ती नुसती सांगायची."

मी उठून मागच्या अंगणात गेले आणि अद्वैतला फोन लावला. मी कधी कोणाला शनिवारी फोन करत नाही, त्यामुळे तो घाबरूनच बोलला.

"मूळ फाइल? नाही गं. जागा कमी पडत होती, गणपतीनंतर सगळ्या मूळ फाइली उडवल्या. साफ केलेली आहे ना तुझ्याकडे?"

"साफ केलेलीच आहे."

"मग?"

मी त्याला सांगितलं. पहिल्यांदाच एका दमात, वाक्य न जुळवता. पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"थांब," तो म्हणाला. "जे काढतो ते आम्ही वेगळं ठेवतो कधीकधी. मशीनला शिकवायला लागतं, फेकायचं काय असतं ते. ‘कचरा’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात असेल तर असेल."

फाइल यायला दीड तास लागला. तिथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. मी टाकीला टेकून उभी राहिले. एक कोंबडी माझ्या पायावर चोच मारून गेली. प्रणालीने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आणून दिली, काही न बोलता, आणि परत गेली. मी ती उभ्यानेच खाल्ली. इतकी तिखट होती की डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कोणाला सांगावं लागलं नाही.

मग आम्ही ती फाइल लावली.

आधी जातं. मग बांगड्या. कोणीतरी खोकलं, कोणीतरी "मीठ कुठं ठेवलं?" म्हणालं. गाणं अजिबात नव्हतं. मंजुळाबाई त्या मुद्रणात कुठेच नव्हत्या; गाणं काढून घेतल्यावर राहिलेलं लग्नघर तेवढं होतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "हा खोकला माझा," एक म्हणाली. आणि मग अगदी जवळून, कोरडा, घाई नसलेला एक आवाज आला.

"धर्मा पोशा."

चंद्राआत्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं.

जात्याची घरघर. मग, "चांगो धर्मा." घरघर. "ठमी, चांगोची."

त्या मधल्या घरघरीत मंजुळाबाई गायला लागल्या. ठरवून नसावं. ओळ त्यांच्या तोंडी आली आणि बरोबर जागेवर थांबली, आणि त्या जागेत स्पीकरमधून नाव आलं. पुढची ओळ, पुढचं नाव. मुद्रणातून जे काढलं होतं ते त्या भरत होत्या. मी वही काढून लिहीत होते. सत्तेचाळीस नावं झाली. शेवटच्या आधीचं नाव नुसतं ‘बाय’ होतं; ही ती विहिरीत पडलेली, नाव ठेवायच्या आधी गेलेली मुलगी.

झाल्यावर मी यादी मोठ्याने वाचली. चंद्राआत्या प्रत्येक नावाला डावं बोट खाटेच्या ठोकळ्यावर आपटत होत्या. दोन ठिकाणी त्या "नाय" म्हणाल्या, आणि आम्ही पुन्हा ऐकून सुधारलं. वही मिटली तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती आणि माझी मान दुखत होती.

"आत्या," मी म्हणाले, "तुमचा आवाज संगणकाने नाही काढला. काढायला मी सांगितलं होतं. मला वाटलं, ती कुजबुज आहे."

चंद्राआत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागच्या वर्षी पाहिलं होतं तसंच.

"मेले," त्या म्हणाल्या.

यावेळी मंजुळाबाई सगळ्यांत आधी हसल्या.

रविवार, मांडव

मी परत तुळिंजला गेले होते आणि सकाळी फक्त सही घ्यायला येणार होते. पण वस्तीवर पाय ठेवताच मंजुळाबाईंनी मला बाजूला घेतलं. पाणी आणायला गेलेल्या बायका विहिरीवरून येत होत्या, बँड वाजत होता, त्यामुळे त्यांना माझ्या कानात ओरडावं लागलं.

"नावं कोन सांगंल, ते ठरलं नाय रातभर."

"प्रणाली...?"

"सून हाय ती. घरात लेकी दोनच. एक नवरी. दुसरी तिची बहीन, ती करवली, ती नवरीला सोडून उठनार नाय. आनि मागं बसायची ती कशी पाहिजे, तर मधीच कोनी तिला हाक मारली नाय पाहिजे. चावी कुठं, तेल कुठं, असं." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला हितं कोन हाक मारतंय?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

"तू कोनाची सून नाय ना?"

"नाही."

"हिकडं कोनाची व्हायचीस काय?"

आजूबाजूच्या बायका ऐकत होत्याच. "हो म्हन गो," एक ओरडली, "माझा धाकटा हाय अजून!" माझे कान तापले. "नाही," मी म्हणाले.

"मग झालं. तुला नाव घ्याला हरकत नाय. वही पदराखाली धर, लोकांनी बघायला नाय पाहिजे."

मला पदर नव्हता. प्रणालीने तिची एक साडी काढली आणि मला तिच्यात गुंडाळलं. मी मंजुळाबाईंच्या मागे, त्यांच्या पाठीला जवळजवळ टेकून बसले. माझ्या उजव्या हाताला चंद्राआत्यांना आणून बसवलं, भिंतीला टेकवून. मांडव आंब्याच्या डहाळ्यांचा होता, वर भाड्याचं गुलाबी कापड. समोर नवरी पाटावर, हळदीने पिवळी, तिच्या शेजारी बहीण. पुढे बसलेल्यांना मी दिसत नव्हते. इतकी चांगली जागा मला कुठल्याच बैठकीत मिळाली नव्हती.

मंजुळाबाईंनी ओळ धरली. पाठीमागून आवाज वेगळाच लागतो. तो कानाला येण्याआधी त्यांच्या बरगड्यांतून माझ्या गुडघ्याला लागत होता. ओळ संपली. मी ती नीट संपू दिली, श्वास पूर्ण होऊ दिला, आणि मग म्हणाले, "धर्मा पोशा." तोवर पुढची ओळ सुरू झाली होती. नाव ओळीखाली गेलं.

मंजुळाबाई थांबल्या नाहीत. फक्त पाठ ताठ झाली. दुसऱ्या नावालाही तेच. मी वाट बघत होते. कोणाच्या मधे बोलू नये, हे मला फार लहानपणी शिकवलं आहे.

तिसऱ्या ओळीला माझ्या दंडात कळ गेली. चंद्राआत्यांनी डाव्या हाताने चिमटा काढला होता, नखं रुतवून, ओळ संपायच्या किंचित आधी. मी दचकून बोलले, "ठमी, चांगोची," आणि नाव बरोबर जागेत पडलं. श्वास सुरू होतो तिथे. संपतो तिथे नाही.

मंजुळाबाईंनी पुढची ओळ धरण्याआधी पहिल्या दोन ओळी पुन्हा घेतल्या, जणू तशीच रीत होती. कोणाच्या लक्षात आलं नाही. यावेळी धर्मा पोशा आणि चांगो धर्मा दोघेही आत आले. त्यापुढे दर नावाला चंद्राआत्यांची दोन बोटं माझ्या दंडावर होती, आधी चिमटा, मग नुसता दाब, मग नुसता स्पर्श. तिसाव्या नावानंतर त्यांनी हात काढून घेतला. उरलेली मी एकटीने सांगितली. ‘बाय’ म्हटलं तेव्हा समोरच्या एका म्हाताऱ्या बाईने डोळ्यांना पदर लावला. ती कोण होती, मी विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर मी फॉर्म काढला. ‘गाणाऱ्याचं नाव’ अशी एक रेघ होती. मंजुळाबाईंनी सावकाश सही केली, पेन माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, "खाली अजून एक रेघ मार."

मी रेघ मारली. चंद्राआत्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. अंगठ्यावर हळद होती, तीही उठली.

बुधवार, पुणे

दोन पानांऐवजी शेवटी पाऊण पानच झालं. वीस वर्षांनंतरचा संगीताचा अभ्यास कसा असेल हे मला अजून माहीत नाही, असं मी त्यात लिहिलं. कसा असावा याबद्दल तीनच गोष्टी लिहिल्या. चौघांनाही एकाच वेळी नकोसा झालेला आवाज असेल, तर तो आधी ऐकावा. काढलेलं काही फेकू नये, आणि त्या फोल्डरचं नाव बदलावं. आणि अभ्यासात एक माणूस असा ठेवावा ज्याला मधेच कोणी हाक मारणार नाही.

बैठकीत आधी स्वच्छ फाइल वाजली. सगळ्यांनी माना डोलावल्या. अद्वैतने माझ्याकडे पाहिलं. दुसरी फाइल त्याने तयार ठेवली होती. मॅडम उठल्या आणि मौनाबद्दल बोलायला लागल्या. त्या छान बोलतात. माझी जागा नेहमीची, दाराजवळची, मागची. दंडावरचा डाग निळ्याचा हिरवा व्हायला लागला होता आणि बाही घासली की दुखत होता.

"आणि म्हणूनच या शांततेत," मॅडम म्हणाल्या, "आपल्याला ऐकू येतं..."

त्यांनी श्वास घेतला. मी वाक्य मनात पूर्ण करायला थांबले नाही.